झेल्डा २ पूर्ण केला: कॅसेट मागवण्यापासून ग्रेट पॅलेसपर्यंत

निन्टेन्डोचा झेल्डा २, म्हणजे १९८७ चा 'द ॲडव्हेंचर ऑफ लिंक', मी ८ डिसेंबर २०२४ ला रविवारी रात्री शेवटपर्यंत खेळून संपवला. जुन्या खऱ्या मशीनवर, खऱ्या सोनेरी कॅसेटवर, भांडुपच्या घरात बसून. सुरुवात करायच्या आधी मराठीत कुठे काही वाचायला मिळतंय का ते खूप शोधलं होतं, की आपल्याकडे बसून ही कॅसेट मागवायची कशी, कस्टमचं काय, मशीन आपल्या लाइटवर चालतं का, आणि मुख्य म्हणजे हा गेम लोक म्हणतात तितका जीवघेणा आहे का. फार काही हाती लागलं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, ज्याला करायचंय त्याला अंदाज यावा.

आधी गेमबद्दल थोडं, कारण हे माहीत नसेल तर पहिल्या तासाभरातच कॅसेट कपाटात जाते. पहिला झेल्डा जपानमध्ये फेब्रुवारी १९८६ मध्ये आला, सगळं वरून दिसायचं, लिंक, म्हणजे गेमचा नायक, चारही दिशांना फिरायचा, झुडपं जाळायची, रुपी (गेममधले पैसे) गोळा करायचे, दुकानातून सामान घ्यायचं. त्यानंतर एक वर्षही झालं नव्हतं, १४ जानेवारी १९८७ ला दुसरा आला आणि त्यात यातलं जवळजवळ काहीच नाही. नकाशावर फिरताना वरून दिसतं, पण गावात, गुहेत, राजवाड्यात शिरलात की सगळं बाजूने, मारिओसारखं. पैसे नाहीत, दुकान नाही. त्याऐवजी शत्रू मारून अनुभवाचे पॉइंट मिळतात आणि त्यातून तलवार, जादू आणि जीव अशा तीन गोष्टींच्या लेव्हल वाढवायच्या, प्रत्येकी आठपर्यंत. तीन चान्स असतात आणि ते संपले की नॉर्थ पॅलेसला, म्हणजे अगदी सुरुवातीच्या जागी, परत. लेव्हल आणि वस्तू तशाच राहतात पण पुढच्या लेव्हलसाठी जमवलेले पॉइंट शून्य होतात. झेल्डाचे जनक मियामोतो प्रोड्यूसर होते पण दिग्दर्शन वेगळ्या लोकांनी केलं, संगीतसुद्धा पहिल्या भागाच्या कोजी कोन्दो यांचं नाही, अकितो नाकात्सुका यांचं आहे. आणि राजवाड्यातली ती धून इतकी भारी आहे की माझी मुलगी अजून पोळ्या लाटताना गुणगुणते.

लहानपणी आमच्याकडे टीव्ही गेम होता, कॅसेट भाड्याने मिळायच्या, मारिओ आणि कॉन्ट्रा घासून घासून खेळलो. झेल्डा मात्र आमच्या एरियात कधी बघितलाच नाही. पहिला भाग मी लॉकडाऊनमध्ये खेळले आणि प्रेमात पडले, मग दुसऱ्याबद्दल वाचलं तर अर्धं जग म्हणत होतं की हा घराण्यातला नकोसा मुलगा. मला ते खटकलं. एवढ्या मोठ्या यशानंतर तोच साचा परत न वापरता वेगळं काहीतरी करून बघणाऱ्या लोकांचं काम आपण नीट, त्यांच्या पद्धतीने खेळून बघावं असं फार मनापासून वाटलं.

मशीनचा प्रश्न दिवाळीत सुटला. आतेभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याच्या तळघरात जुना निन्टेन्डो पडून होता, तो २०२३ च्या दिवाळीला येताना बॅगेतून घेऊन आला. त्या वेळी सामानावर ५०,००० रुपयांपर्यंत सूट होती आणि हे तर वापरलेलं जुनं सामान, त्यामुळे एअरपोर्टवर कुणी काही विचारलं नाही. दोन गोष्टी त्याला आठवणीने सांगितल्या होत्या: दोन्ही कंट्रोलर आण, आणि ॲडाप्टर आणू नकोस. अमेरिकन ॲडाप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या सॉकेटला लावला की जळणारच. पण त्या जुन्या राखाडी मशीनच्या, जिच्यात कॅसेट पुढून आत सरकवतात तिच्या, आत ब्रिज रेक्टिफायर आहे, त्यामुळे साधा ९ व्होल्ट डीसी ॲडाप्टर चालतो, प्लस मायनस कसाही असला तरी. लॅमिंग्टन रोडला २५० रुपयांत मिळाला, ९ व्होल्ट, दीड अँपिअर, साधी गोल पिन. हे फक्त या अमेरिकन मशीनबद्दल सांगतेय हं, फॅमिकॉमला, म्हणजे याच मशीनच्या जपानी रूपाला, हे लागू होत नाही, त्याला चुकीच्या पोलॅरिटीचा लावलात तर आतलं काहीतरी जाईल.

कॅसेट १४ जानेवारीला ऑर्डर केली. मुद्दाम तीच तारीख धरली, गेमचा वाढदिवस म्हणून. अमेरिकेतला विक्रेता, नुसती कॅसेट, डबा नाही पुस्तिका नाही, किंमत साधारण २,९०० आणि पोस्टेज २,१००. डबा-पुस्तिकेसकट हवी असेल तर किंमत कितीतरी पटीने वाढते आणि खेळायला त्याचा काही उपयोग नाही. विक्रेत्याला आधी मेसेज करून विचारा की बॅटरी तपासलीये का आणि आतल्या सर्किटचा फोटो आहे का. नकली कॅसेट खूप फिरतात, आतला बोर्ड बघितला की कळतं, निन्टेन्डोचं नाव आणि वर्ष छापलेलं असतं.

मग वाट बघणं. ट्रॅकिंगवर मुंबईत पोचल्याचं दिसलं आणि त्यानंतर काहीच हलेना, आणि हा काळ सगळ्यात अस्वस्थ करणारा, कारण पैसे गेलेत आणि वस्तू कुठेतरी आहे पण आपली नाही. फेब्रुवारीच्या मध्यात कस्टमकडून पत्र आलं, पाकिटात काय आहे त्याचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि ओळखपत्र पाठवा. माझं ऑफिस फोर्टला, बॅलार्ड इस्टेटचं विदेश डाक भवन, जिथे परदेशी टपाल कस्टमसाठी थांबतं, ते चालत जाण्याइतकं जवळ, म्हणून ईमेल न करता लंच टाइममध्ये स्वतः गेले. बरोबर काय नेलं ते सांगते: ऑर्डरची प्रिंट ज्यात वस्तूचं वर्णन आणि डॉलरमधली किंमत स्पष्ट दिसते, बँक स्टेटमेंटचं ते एक पान ज्यावर तो व्यवहार आहे, आधार आणि पॅनची झेरॉक्स स्वतः सही केलेली, आलेल्या पत्राची झेरॉक्स, आणि साध्या कागदावर दोन ओळी की ही वापरलेली गेम कॅसेट आहे, स्वतःच्या वापरासाठी मागवली, विकायची नाही. ट्रॅकिंग नंबर प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात लिहिला होता. काउंटरवरच्या बाईंनी तो नंबर बघून 'हे बरं केलंत' म्हणाल्या आणि कागद ठेवून घेतले. मला वाटलं होतं खूप प्रश्न विचारतील, पण त्यांनी एकच विचारला, यात बॅटरी आहे का. आहे म्हटलं, घड्याळातल्यासारखा छोटा सेल आहे. ठीक आहे म्हणाल्या.

५ मार्चला पोस्टमन काका घरी घेऊन आले, ड्युटीची पावती बरोबर, पैसे रोख त्यांच्याकडेच भरायचे. दोन हजारांच्या थोडी वर ड्युटी आणि वर पोस्टाचं किरकोळ शुल्क. ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर नाही, पोस्टेज धरून जी रक्कम होते तिच्यावर लागते, तेव्हा बजेट करताना आधीच धरून चाला म्हणजे दारात गडबड होत नाही. सासूबाईंनी पाकीट उघडताना बघितलं आणि म्हणाल्या, 'सोन्याची आहे की काय गं?' इतकी चमकते ती.

आता त्या सेलचं. झेल्डा २ मध्ये गेम सेव्ह होतो तो कॅसेटमधल्या सीआर २०३२ सेलवर, आणि कॅसेट १९८८ ची असेल तर तो सेल बहुतेक गेलेलाच असतो. तपासायला सोपं आहे, नाव नोंदवा, मशीन बंद करा, परत चालू करा, नाव गायब असेल तर सेल गेला. माझ्या कॅसेटमध्ये नाव गायब होत होतं. सेल बदलणं अवघड नाही पण तो नुसता काढून घालता येत नाही, पत्र्याच्या पट्ट्यांनी बोर्डाला सोल्डर केलेला असतो, आणि कॅसेटचे स्क्रूसुद्धा वेगळे असतात, त्याला ३.८ एमएमचा खास बिट लागतो. तो बिट ऑनलाइन १८० ला मिळाला. सोल्डरिंगसाठी ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले. एका गल्लीत रिपेअरिंगवाले काका आहेत, वय सत्तरच्या आसपास असावं, त्यांनी कॅसेट हातात घेऊन बराच वेळ नुसती उलटसुलट करून बघितली, म्हणाले ब्याण्णव-त्र्याण्णवला अशा रोज यायच्या. त्यांना म्हटलं सेल सोल्डर न करता सेलचा होल्डर बसवा म्हणजे पुढच्या वेळी मलाच बदलता येईल. ३०० रुपये घेतले, होल्डर आणि सेल धरून, आणि बसवल्यावर मीटर लावून व्होल्टेज दाखवलं. बसवून घ्याल तेव्हा प्लस कुठल्या बाजूला होता त्याचा फोटो आधीच काढून ठेवा.

कॅसेट साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायची कापसाची काडी. फुंकर मारू नका, आपण सगळ्यांनी लहानपणी मारलीये, पण तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात.

टीव्हीचा विषय लोक हलका घेतात, या गेममध्ये तो हलका नाही. घरातल्या एलईडीला पिवळ्या पिनेची सोय नव्हती, म्हणून ४५० चा कन्व्हर्टर घेऊन एचडीएमआयला जोडला. चित्र दिसतं, पण बटण दाबल्यावर लिंक किंचित उशिरा हलतो. पहिल्या झेल्डात ते चालून गेलं असतं. इथे शत्रूची तलवार वर आहे की खाली हे बघून ढाल तिथे न्यायची असते, आणि तो किंचितसा उशीर म्हणजे मार. म्हणून स्टेशनजवळच्या भंगारवाल्याकडून २१ इंची जुना डब्बा टीव्ही आणला, ६०० रुपये, रिक्षात मावला. घ्यायच्या आधी दुकानातच मशीन लावून बघा, कारण अमेरिकन मशीनचं चित्र एनटीएससी या तिकडच्या पद्धतीचं असतं आणि काही जुने टीव्ही फक्त आपल्याकडची पाल पद्धत घेतात, मग चित्र काळं-पांढरं येतं किंवा वरखाली फिरत राहतं.

हे सगळं होऊन खेळायला बसले तेव्हा मार्च अर्धा संपला होता.

सुरुवात नॉर्थ पॅलेसमधून होते, मागे राजकन्या झेल्डा झोपलेली असते, कित्येक वर्षं. सहा राजवाड्यांमध्ये सहा स्फटिक ठेवायचे, मग सातवा ग्रेट पॅलेस उघडतो आणि तिथे धैर्याचा ट्रायफोर्स नावाचा जादूचा त्रिकोण मिळतो, त्याने ती जागी होणार. बाहेर पडलात की नकाशावर चालताना काळ्या आकृत्या अंगावर येतात, एखादी चिकटली की लढाई. रस्त्यावर चालत राहिलात आणि तिथे एखादी आकृती चिकटली तर आत शत्रू येत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात ठेवा, पुढे खूप त्रास वाचतो.

सुरुवातीला लिंकची तलवार फार छोटी वाटते. खरंच छोटी आहे, जवळजवळ अंगाला लागेपर्यंत जावं लागतं. पहिला महिना मी मुख्यतः रौरू गावाच्या आसपास आणि परापा राजवाड्यात घालवला, आणि मला तेव्हा कळायला लागलं की हा तलवारबाजीचा गेम आहे, फिरण्याचा नंतर. आयर्न नकल नावाचा चिलखतवाला शिपाई असतो, तो तुमच्यासारखीच ढाल वरखाली करतो. त्याच्यासमोर नुसतं बटण बडवून काही होत नाही. उभं राहून एक वार, बसून एक वार, तो ज्या बाजूला ढाल नेईल त्याच्या उलट, नाहीतर उडी मारून खाली येताना डोक्याच्या उंचीवर. पहिल्यांदा केशरी रंगाचा आयर्न नकल मी अंगाला ओरखडासुद्धा न येता पाडला त्या संध्याकाळी मला इतका आनंद झाला की मुलीला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं.

लेव्हलच्या बाबतीत एक सांगते. गेम तुम्हाला पहिली स्वस्त लेव्हल दाखवतो, जीवाची ५० पॉइंटला, जादूची १०० ला, तलवारीची २०० ला. स्वस्त आहे म्हणून लगेच घ्यायलाच हवी असं नाही, नको म्हणून पुढे जमवता येतं. मी सुरुवातीला तलवारीवर भर दिला, शत्रू दोनाऐवजी एका वारात मेला की सगळंच सोपं होतं. आणि राजवाड्याच्या शेवटी स्फटिक ठेवला की पुढच्या लेव्हलपर्यंतचे सगळे पॉइंट फुकट मिळतात, मग तुम्हाला दहा कमी असोत की दोन हजार. म्हणून नुकतीच लेव्हल झाली असेल तेव्हा स्फटिक ठेवणं फायद्याचं. राजवाड्यातली खास वस्तू मात्र त्याच्या आधी घ्या, नंतर तो राजवाडा बंद होतो.

सेव्ह करायला मरायची गरज नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून मी सांगतेय: खेळ थांबवून दुसऱ्या कंट्रोलरवर वरचं बटण आणि ए एकत्र दाबा, सेव्हची पाटी येते. दुसरा कंट्रोलर आणायला सांगितला तो याचसाठी. मग बंद करताना रिसेट दाबून धरायचं आणि तसंच पॉवर बंद करायचं, नाहीतर सेव्ह उडू शकतो.

सारिया गावात नदीवरचा माणूस पूल ओलांडू देत नाही, त्याला बागूची चिठ्ठी लागते, आणि बागूचं घर गावाच्या वरच्या जंगलात एका झाडीच्या चौकोनात लपलेलं आहे, नकाशावर काही खूण नाही. मुलीने आलेख कागदावर त्या जंगलाचा नकाशा काढला आणि एकेक चौकोन खोडत गेलो. तिने हे काम इतक्या चिकाटीने केलं की त्यानंतर घरातली नकाशाची वही तिचीच झाली.

आणि मग डेथ माउंटन. लोक कॅसेट सोडून देतात ते इथे. गुहांचं जाळं आहे, एकातून दुसऱ्यात, आणि आत मगरीसारखे दैरा कुऱ्हाडी फेकतात, त्या कुऱ्हाडी ढालीने अडत नाहीत. मेलात की परत नॉर्थ पॅलेस, तिथून चालत सारिया, पूल, परत गुहा. एप्रिल आणि मेची सुट्टी यात गेली. रात्री जेवणं झाली की पंखा पाचवर करून बसायचो, बाहेर उकाडा, आणि त्या गुहांचा नकाशा वहीत एकेक बाण करून वाढत जायचा. खरं सांगायचं तर काही रात्री मला रडू येईल असं वाटलं, ऑफिसमधून थकून यायचं आणि अर्ध्या तासाचं चालणं एका कुऱ्हाडीत जायचं. उपयोग झाला तो एवढाच: दैराला सामोरं जायच्या आधी शील्डची जादू लावा, मार अर्धा होतो, शक्य तिथे उडी मारून पलीकडे जा, प्रत्येकाला मारायचा हट्ट नको. शेवटी हातोडा मिळतो, त्याने दगड फोडता येतात. आणि तिथे मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट म्हणजे, डेथ माउंटनच्या दक्षिणेचा तो छोटासा तुकडा म्हणजे पहिल्या गेमचा अख्खा नकाशा आहे. जे जग मी आधी महिनोन्महिने फिरले ते इथे एका कोपऱ्यात मावतं. जे लोक म्हणतात की दुसऱ्या भागाने पहिल्याकडे पाठ फिरवली, त्यांनी तिथे जरा थांबून बघावं.

जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, मिडो गावात चर्चच्या वरच्या दारातून शिरले (जंप जादू लागते) आणि तिथल्या योद्ध्याने खाली वार करायला शिकवलं. उडी मारून खालचं बटण धरलं की लिंक तलवार खाली रोखून पडतो. त्या एका गोष्टीने माझ्या हातातला गेमच बदलला. चिखलातले, उड्या मारणारे, जे जे आधी छळायचे त्यांच्या डोक्यावरून टप्पे घेत जाता येतं. पुढे दारूनियात धुराड्यातून शिरलात की वर वार करायला शिकवणारा भेटतो. मला मनापासून वाटतं की पहिल्या भागात नवी वस्तू मिळायची तेव्हा जो आनंद होता, तोच इथे अंगात नवं कसब आल्यावर होतो, आणि तो जास्त टिकतो.

गावं हा दुसरा भाग मला फार आवडला. पहिल्या गेममध्ये गुहेत एकटे म्हातारे भेटायचे. इथे माणसं रस्त्याने चालतात, लाल कपड्यातली बाई घरी बोलावून जीव भरून देते, म्हातारी आजी जादू भरून देते. नाबूरू गावात एक तहानलेली बाई असते, कारंज्यावरून पाणी आणून दिलं की फायरची जादू शिकायला मिळते. यातल्या बऱ्याच गावांची नावं पुढे १९९८ च्या 'ऑकरिना ऑफ टाइम' या झेल्डा गेममध्ये ऋषींना दिलीत, मी तो आधी खेळले होते त्यामुळे त्या गावांच्या पाट्या बघून ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्या राजवाड्यात तराफा मिळतो आणि समुद्रापलीकडचा भाग उघडतो. तिथलं मी भराभर सांगते. मेझ आयलंडवर हरवलेला मुलगा सापडतो, त्याची सुटका केली की दारूनियात रिफ्लेक्टची जादू मिळते, आणि चौथ्या राजवाड्यातल्या कॅरॉक जादूगारासाठी तीच लागते, त्याची जादू त्याच्यावरच उलटवायची. बूट मिळाले की काही ठिकाणी पाण्यावरून चालता येतं, पाचवा राजवाडा तसा गाठायचा, तिथली बासरी वाजवली की रस्ता अडवून बसलेला राक्षस बाजूला होतो. गणपतीत सात सप्टेंबरपासून विसर्जनापर्यंत खेळ बंद होता, टीव्हीच्या जागी मखर होतं.

सगळ्यात अवघड शोध नवीन कासुटोचा. जुनं कासुटो उजाड झालंय, तिथे दिसत नाहीत असे शत्रू अंगावर येतात, सहाव्या राजवाड्यातला क्रॉस जवळ असल्याशिवाय तिथे जाऊच नका, आणि जाणं भागच आहे कारण थंडरची जादू तिथेच मिळते. गावकरी पळून जंगलात लपलेत आणि ते जंगल हातोड्याने तोडत शोधायचं. इथे गेमने जरा जास्त सूचना द्यायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे स्पेल नावाची जादू मिळते, गावाच्या टोकाला ती म्हटली की जमिनीतून घर वर येतं आणि आत जादूची किल्ली असते, मग कुठल्याच दाराला किल्ली शोधावी लागत नाही. सहावा राजवाडा तीन दगडांच्या मधोमध उभं राहून बासरी वाजवल्यावर उगवतो.

नोव्हेंबरमध्ये सहा स्फटिक झाले. ग्रेट पॅलेसकडे जाणारी खिंडच इतकी वाईट आहे की पोचेपर्यंत निम्मा जीव जातो. दिलासा एवढाच की राजवाड्याच्या आत चान्स संपले तर त्याच्या दारातूनच परत सुरू होतं, नॉर्थ पॅलेसला जावं लागत नाही, पण मशीन बंद केलं की मात्र तिथून. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू करा. जास्तीचा चान्स देणारे लिंकचे बाहुले एकदा घेतले की परत येत नाहीत, मी नकाशावर खूण करून ते शेवटापर्यंत राखून ठेवले होते आणि ग्रेट पॅलेसच्या वाटेवर घेतले. आत जमिनी खोट्या आहेत, काही भिंतीसुद्धा, मुलीच्या वहीची पानं संपली आणि ड्रॉइंग पेपर चिकटवावे लागले.

८ डिसेंबरला सकाळी चहा झाल्यावर बसले. तिन्ही लेव्हल आठवर होत्या. राजवाड्याचा राखणदार असलेल्या थंडरबर्डसमोर आधी थंडर लावावंच लागतं, त्याशिवाय त्याला वारच लागत नाही, म्हणून तिथपर्यंत जादू वाचवत न्यायची हे डोक्यात ठेवा. जंप, शील्ड आणि रिफ्लेक्टही लावलं. तो पडला आणि लगेच पडदा बदलून लिंकची स्वतःचीच सावली समोर आली, तशीच ढाल, तशीच तलवार, आणि मी हलेन तशी हलणारी. डाव्या कोपऱ्यात बसून वार करत राहिलं की सावली हरते ही युक्ती मला माहीत होती. ती वापरायची नाही असं मी ठरवलं होतं, कारण इतके महिने शिकले ते सगळं याच्यासमोर वापरायचं होतं. दिवसभर हरले. नवरा जेवण पुढे सरकवून जात होता. रात्री साडेनऊच्या सुमाराला, एक रेघ जीव उरलेला असताना, सावली पडली. मुलगी सोफ्यावरून उडी मारून ओरडली, सासूबाई आतून विचारत होत्या काय झालं. मला हात थरथरत असल्यामुळे कंट्रोलर खाली ठेवावा लागला. तुम्ही कोपऱ्याची युक्ती वापरलीत तरी काही बिघडत नाही, तिथपर्यंत पोचणं हीच मोठी गोष्ट आहे.

खर्चाचं म्हणाल तर कॅसेट, पोस्टेज, ड्युटी, ॲडाप्टर, बिट, सेल, कन्व्हर्टर आणि टीव्ही धरून नऊ हजारांच्या आत झालं, मशीन घरातून मिळालं म्हणून. एवढं करायचं नसेल तर निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात २०१९ पासून हा गेम आहे, आणि २०२१ मध्ये आलेल्या झेल्डाच्या छोट्या गेम अँड वॉच मशीनमध्येही पहिला आणि दुसरा दोन्ही आहेत, तिथे सेल, सोल्डर, टीव्ही कशाचीच कटकट नाही.

संपल्यावर तीच फाइल परत सुरू केली की लेव्हल, जादू आणि तलवारीची कसबं तशीच राहतात, वस्तू आणि जीव-जादूची पट्टी वाढवणारे डबे मात्र नव्याने गोळा करायचे. मुलीने ती फाइल सुरू केलीये, सध्या ती डेथ माउंटनमध्ये आहे आणि स्वतःचे बाण बघून चालतेय. ग्रेट पॅलेसच्या नकाशाचे फोटो काढून ठेवलेत, कुणाला हवे असतील तर सांगा, पाठवते.